तीनदा वाजलेला भोंगा

(पोलादपूर तालुका, आंबेनळी घाटाखालची एक वाडी. ठमाबाईची पडवी, सकाळ.)

मानसी: पण पडलात कशा, मावशी?

ठमाबाई: शाळेची पायरी ओली होती, पाय सरकला. मनगट मोडलं. तुमी कशाला वाईट वाटून घेताय, तलाठीबाई?

शुभम: वाटायलाच पायजे, आये. मॅडम, डोंगरावर दरडीचा इशारा देणारा तो खांब बसवल्यापासून भोंगा तीनदा वाजला. तीनदा आख्खी वाडी शाळेत नेऊन बसवली. दरड सोडा, ढेकूळ पण नाय आलं खाली. माझी एमआयडीसीतली ड्यूटी बुडाली ती वेगळीच.

मानसी: ते यंत्र पाऊस आणि मातीची हालचाल मोजतं, आणि एआयवर स्वतःच अंदाज बांधतं. अजून नवीन आहे. इथला डोंगर समजायला त्याला एक-दोन पावसाळे लागतील, असं इंजिनीअर म्हणतात.

शुभम: म्हणजे तोवर आमच्यावर टेस्टिंग.

मानसी: हो. तसंच म्हणावं लागेल.

शुभम: मग काढून न्या. अर्जावर एकेचाळीस सह्या झाल्यात. आज अकरा वाजता ग्रामसभा हाय, तिथं ठराव. फक्त आयेचा अंगठा राहिलाय.

मानसी: मी कुणाला अडवायला नाही आले. मावशींना बघायला आले.

ठमाबाई: मी अंगठा देणार नाय.

शुभम: आये, हात तुझा मोडलाय ना?

ठमाबाई: पायरीनं मोडला, भोंग्यानं नाय. तलाठीबाई, तो समोरचा बोडका उतार दिसतो? तिथं सात घरं होती. कडेचं रखमाचं. एकाच गावच्या लेकी आमी, एकाच वर्षी इकडं दिलेल्या.

मानसी: दरडीत गेली ती वस्ती. दप्तरात वाचलंय मी.

ठमाबाई: दप्तरात नसंल ते सांगते. दरड आली संध्याकाळी. सकाळी मी तिच्याकडं गेलेली. घरामागचा झरा गढूळ, लाल पाणी. वरच्या बांधाला चीर, आत हात जाईल एवढी. मला कळलं, काय तरी बिघडलंय.

शुभम: मग?

ठमाबाई: मग काय. ओटीवर तिचा सासरा, दीर, सगळे बाप्ये बसलेले. मनात आलं, मी बाईमाणूस सांगणार, घर सोडा. आणि कायच झालं नाय तर? जल्मभर हसतील. रखमाशी दोन शब्द बोलले आणि घरी आले.

मानसी: मावशी...

ठमाबाई: भोंगा दोनदा खोटा ठरला, तरी तिसऱ्यांदा वाजलाच ना. त्याला लाज वाटत नाय. मला वाटली.

शुभम: इतक्या वर्षांत तू हे बोलली नाहीस.

ठमाबाई: तुझ्या बापाला पण नाय बोलले.

(मानसी उठून ठमाबाईजवळ येऊन बसते.)

मानसी: मावशी, लोक इतके चिडलेत ते नुसते भोंग्यावर?

ठमाबाई: शाळेत बसून बघा एकदा. सगळ्या वाडीला एक संडास, त्याला पाणी नाय. गुरं गोठ्यात, जीव त्यांच्यापाशी. सून माझी, अंकिता, पोटुशी हाय, सहा तास अवघडून बसली होती.

शुभम: अंकिता म्हणाली, परत वाजला तरी मी घरातून हलणार नाय. त्याचंच टेन्शन आलं, म्हणून मी अर्ज लिहिला.

मानसी: मग अर्जात तेच लिही. संडास, पाणी, पायऱ्यांना कठडा, गुरांना शेड. तसा ठराव झाला तर मी स्वतः तहसीलदारांपुढे ठेवते. नुसतं यंत्र काढा म्हणालात, तर यंत्र जाईल आणि शाळा आहे तशीच राहील.

शुभम: एकेचाळीस लोकांना परत कोण समजावणार?

ठमाबाई: मी. आता तुमाला सांगितलं तेच सांगीन.

शुभम: सभेत? आये, राजेंद्रदादा असेल तिथं. रखमाकाकीच्या घरातला तो एकटा लेक वाचलाय.

ठमाबाई: त्यालाच पहिलं सांगायला पायजे होतं.

(दुपार. तहसील कचेरीतून परतलेली मानसी पडवीत बसली आहे. ठमाबाई आणि शुभम येतात.)

मानसी: सभा केव्हाच संपली ना? मला काळजी लागली होती.

शुभम: ठराव झाला, मॅडम. भोंगा राहतोय. संडास, पाणी, शेड, सगळं लिहिलंय. ही कॉपी. पण नुसतं फाइलमध्ये ठेवू नका.

मानसी: नाही ठेवणार. आणि राजेंद्र?

शुभम: आये बोलत होती तोवर खाली मान घालून बसला होता.

ठमाबाई: सगळे गेल्यावर आला माझ्याजवळ. मला वाटलं, आता मला बोल लावंल, आणि लावू दे म्हटलं. तर म्हणाला, काकी, मी तवा मुंबईला होतो. त्या सकाळी आई कशी होती?

मानसी: मग?

ठमाबाई: मग बसून सांगितलं. ती काय नेसली होती, त्याच्याबद्दल काय बोलली, सगळं. म्हणून यायला उशीर झाला.