सहीपुरता कागद

निळी शाई संपली आहे. राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. मला मशीनवर जगवत ठेवू नका.

जर्मनीतल्या कील शहरात, इस्पितळासमोरच्या छपाईच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे विब्के आणि तिचा भाऊ हेनिंग होते.

"दोन आठवडे घरात नवा प्रिंटर होता, विब्के."

"होता. त्याला वायफाय सापडेना. सापडलं, तर म्हणे निळी शाई भरा."

"मजकूर तर काळा होता."

"ते त्याला सांग. मी सांगून दमले."

"आणि बाबा?"

"रोज विचारायचे, आणलास का तो मशीनवर ठेवू नका म्हणणारा कागद, सही करतो. मी म्हणायचे, उद्या."

"मला फोन करायचास."

"केला होता. तू म्हणालास, राउटर बंद करून सुरू कर."

"हाताने लिहून घ्यायचं मग. तेही चालतं, डॉक्टर म्हणाल्या."

"आज म्हणाल्या. आणि बाबांनी आयुष्यात कधी हाताने लिहिलेला अर्ज दिलाय कुठे? टाइप केलेलाच हवा."

"आता श्वासाची नळी घालून तीन दिवस झाले. शुद्ध नाही त्यांना. छापून करणार काय?"

"डॉक्टरांना दाखवू. शब्द तर त्यांचेच आहेत."

"सहीशिवाय?"

"तू गप्प बस जरा, हेनिंग."

"किती पानं?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"एकच."

शुद्ध जाण्याआधीच्या रविवारी वडिलांनी पेपरातलं शब्दकोडं पेनाने पुरं केलं होतं, असं विब्के दुकानात शिरताना सांगत होती.