मोरवंडीचा तिसरा सवाल

मंडळी, आधी एक सांगा — कायदा राहतो कुठं? पुस्तकात? कोर्टात? वकिलाच्या काळ्या कोटात? अहो मागचे काका, तुम्हालाच विचारतोय! झोप घरी जाऊन घ्या!

तर ऐका! मोरवंडी नावाचं एक राज्य होतं. तिथं कागदांना तोटा नव्हता हो, पण राज्य कसं चालवायचं हे सांगणारं एक पुस्तक काही नव्हतं! थोडं आजोबा-महाराजांच्या फर्मानांत, थोडं जुन्या निवाड्यांत, अन् उरलेलं लोकांच्या तोंडी. भांडण आलं, की न्यायाधीश जमलेल्यांना तीनदा विचारायचे, "हे असंच चालत आलंय का?" लोक 'होय' म्हणाले, की झाला कायदा! तीनदा गप्प बसले, की रिवाज मेला. केवढी सोय! ना छपाई, ना दुरुस्ती!

त्या राज्यात कृष्णाई कोष्टीण राहायची. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, घरात एक माग. मागावर चढवण्याआधी सूत लांबलचक ताणावं लागतं, त्याला मोकळी जागा हवी. कोष्टीआळीपुढची पट्टी पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच होती. अन् महाराजांना नेमका तिथंच बग्गीखाना बांधायची हुक्की आली! बग्ग्या किती? एक! तिचंही चाक मोडलेलं!

जागा गेली की माग बंद, माग बंद की चूल बंद. आळी कृष्णाईला म्हणाली, "काकू, तुम्ही व्हा पुढं, आम्ही आहोतच मागं!" ती गेली न्यायसभेत. आळी होती की मागं — पार मागं, खांबाआड!

समोर गादीवर खुद्द महाराज बसलेले. दिवाण गंगाधरपंत मिशीला पीळ देत उठले. "जागा कोष्ट्यांची? दाखवा, कुठं लिहिलंय!"

न्यायाधीश अंतोबाशास्त्री — पगार महाराजांचाच, बरं का! — त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "लोकहो, ही जागा कोष्ट्यांची, हे असंच चालत आलंय का?"

आळी छताकडं बघतेय! दुसऱ्यांदा विचारलं. कुणाला खोकला आला, कुणाच्या पायात काटा रुतला — गुळगुळीत फरशीवर! जिच्या बाळंतपणात कृष्णाई चार दिवस राबली होती, ती शेजारीण पदराचं टोक निरखत बसली.

संतापली हो कृष्णाई! म्हणाली, "शास्त्रीबुवा, तिसऱ्यांदा विचारायच्या आधी माझा एक सवाल. महाराज राजे आहेत — हे कुठं लिहिलंय?"

आई गं! दिवाणांची मिशी आपोआप खाली आली!

शास्त्रीबुवांनी क्षणभर डोळे मिटले. "सवाल रास्त आहे. दिवाणजी, काढा कागद." कागद असता तर काढणार ना! महाराज गादीवर बसले तेव्हाही लोकांनी तीनदा 'होय'च म्हटलं होतं.

"मग विचारावंच लागेल. लोकहो, गादी यांची, हे असंच चालत आलंय का?"

अन् लोक? सवयीनं गप्प!

महाराजांना घाम फुटला. "अरे, बोला की! सकाळी तर मुजरे करत होता!" शास्त्रीबुवांनी दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा सगळे छताकडं!

महाराज काकुळतीला आले. "कृष्णाई, तू तरी बोल!"

"बोलते की, महाराज. पण माझ्या जागेचा तिसरा सवाल आधीचा आहे. त्याला होय कोण म्हणतं, ते बघू."

शास्त्रीबुवांनी विचारलं. अन् उत्तर खांबाआडून नाही आलं, मंडळी, गादीवरून आलं — "होय! होय! होय!" राजा ओरडला, तशी अख्खी आळी ओरडली. धाडस तयारच होतं हो त्यांचं, फक्त परवानगी यायची होती!

मग गादीचा तिसरा सवाल झाला, कृष्णाईनंही राजासाठी होय म्हटलं, अन् त्यांची गादी वाचली. वाटेत शेजारीण म्हणाली, "काकू, आपण जिंकलो!" आपण! कृष्णाईनं पाय उचलला. ऊन होतं तोवर तिला सूत ताणून घ्यायचं होतं.

हसलात? हसा, हसा! आपल्याकडं तर जाडजूड घटना लिहिलेली आहे. परवा ग्रामसभेत शाळेचं मैदान दुकानांच्या गाळ्यांना द्यायचा ठराव आला. "कुणाची हरकत?" म्हणून विचारलं. हरकत घ्यायचा हक्क लिहिलेला होता, ठळक अक्षरांत. हात किती वर गेले? खाली काय बघता? मीही होतो तिथं. कीर्तनकार बुवा म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती मला. मी चहा पीत होतो.

हरकत घ्यायला सोमवारपर्यंत मुदत आहे, मंडळी. माझा अर्ज लिहून तयार आहे, खाली तुमच्या सह्यांना जागा ठेवलीय. आता देवाचं नाव घेऊ — अन् निदान ते तरी मोठ्यानं घ्या!