कापड सगळ्यात शेवटी

...बोट नाही हो, अंगठा! आख्खा अंगठा उमटलेला, लोण्याचा, कॅमेऱ्याच्या लेन्सच्या बरोब्बर मधोमध! आणि वर मेव्हणा मला विचारतो काय, तर, "भाऊजी, ही एवढी जड का हो?" अरे बाबा, जड आहे तर उचललीस कशाला? टोस्टला लोणी लावलेल्या हाताने माणूस दाराची कडी काढतानासुद्धा विचार करतो, आणि हा पठ्ठ्या थेट लेन्सच्या काचेला हात घालतो!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, पुसायची आणि मोकळं व्हायचं. हेच! तिथेही सगळे हेच म्हणत होते! तुम्हाला सांगतो, लेन्स माझी असती ना, तर मीही शर्टाला पुसून मोकळा झालो असतो. पण ती सासऱ्यांची. आणि सासरे म्हणजे उभा जन्म स्टुडिओत काढलेला माणूस. घरातल्या भिंती फोटोंनी भरल्यात, सगळे आहेत, शेजाऱ्यांची मांजरसुद्धा आहे, फक्त सासरे नाहीत. कायम कॅमेऱ्यामागे ना! स्वतःच्या लग्नातसुद्धा म्हणे फोटोग्राफरला बाजूला सारून बायकोचा फोटो यांनीच काढला. आता हात कापायला लागलाय, आणि धाकटी मेव्हणी, ती नर्स आहे, ती निघाली परदेशी नोकरीला, त्याच संध्याकाळचं विमान. ती अडून बसली, "बाबा ज्यात आहेत असा एक तरी फोटो मला बरोबर न्यायचाय."

झालं! ज्या माणसाने लग्न झाल्यापासून मला साधा स्टँड उचलू दिला नव्हता, त्याने लेन्स माझ्या हातात ठेवली. तुम्हाला सांगतो, मुलगी देताना एवढ्या सूचना नव्हत्या! "जावईबापू, नीट ऐका. आधी हवा, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. धुळीचा कण म्हणजे बारीक वाळू. वाळूवर कापड फिरवलंत की काच खरवडली. आणि खरवडलेली काच कुणाच्या बापाला नीट करता येत नाही." असं म्हणून स्वारी इस्त्रीचा पांढरा शर्ट खांद्यावर टाकून न्हाणीघरात गेली, दाढी-अंघोळीला. आयुष्यात पहिल्यांदा फोटोत उभं राहायचं होतं ना!

आणि इकडे अंगठा.

आत नळ चालू. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्या नळावर! नळ बंद झाला की सासरे बाहेर, सासरे बाहेर आले की डाग बघणार, आणि मी कायमचा कामातून गेलेला जावई. सासूबाईंना सुगावा लागला, त्या धावत आल्या, हातात टॉवेल. कुठला? ज्याने आत्ताच शेगडी पुसली तो! "द्या हो इकडे, चुटकीसरशी लख्ख करते." म्हटलं, आई, हात जोडतो, कापड सगळ्यात शेवटी! तेवढ्यात माझी बायको वाकली आणि गाल फुगवले. अगं थांब! हवा म्हणजे तोंडाची नव्हे! तुझी थुंकी उडेल, लोण्यावर ती एक नको! ती रुसली. "बाबांची लेन्स मिळाली तर माझी थुंकीसुद्धा चालेना का आता?" तोवर मेव्हणीने पर्समधून स्पिरिटचा बोळा काढला. "मी सुई टोचायच्या आधी रोज यानेच पुसते." म्हटलं, बाई गं, तो दंड असतो, त्याच्यावर लेप नसतो! हिच्या काचेवर लेप आहे, तो उतरला तर तुझ्या बाबांचाच पारा चढेल. मेव्हणा बिचारा वरमला होता, "चुकलं भाऊजी" म्हणत मदतीला हात पुढे करतोय... तोच हात! तसाच लोण्याने माखलेला!

शेवटी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि बसलो खिडकीपाशी. लेन्स पालथी धरली, म्हणजे धूळ खाली पडावी. रबरी फुंकणी दाबली... फुस्स... फुस्स... सगळं घर श्वास रोखून. मग ब्रश. त्याच्या केसांना बोटसुद्धा लावायचं नाही, नाहीतर हाताचं तेल ब्रशला आणि ब्रशचं काचेला. धूळ गेली, पण लोणी? ते जागचं हललं नाही! मग काढली लेन्स पुसायच्या द्रवाची बाटली. थेंब काचेवर नाही टाकायचा बरं का, कापडावर टाकायचा, काचेवर टाकला तर कडेने आत झिरपतो. आणि माझं सगळं लक्ष त्या नळाकडे! एक थेंब कापडावर, एक पँटवर. मधून सुरू केलं, हलके हलके गोल फिरवत कडेकडे... आणि आतला नळ बंद!

सासूबाई माझ्याकडे बघतायत, मी कापडाकडे. कापडाचा कोरा भाग घेतला, पुन्हा मधून बाहेर, पुन्हा एकदा... कडी वाजली. सासरे बाहेर. कडक पांढरा शर्ट, नीट खोचलेला, केस चापून बसवलेले. त्यांनी लेन्स घेतली, खिडकीकडे तिरकी धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली. आणि म्हणाले, "हं." एवढंच. पण त्या "हं"वर मी दहावी, बारावी, सगळं पुन्हा पास झालो हो!

मग काय, कॅमेरा स्टँडवर. मेव्हणी म्हणाली, भाऊजी, तुम्हीही हवेत, म्हणून टायमर लावला आणि पळत जाऊन कडेला उभा राहिलो. मधोमध सासरे, शेजारी लेक, तिचा हात त्यांच्या हातात. दिवा लुकलुकतोय. आणि सासऱ्यांनी डोळे बारीक केले. "तिथे काहीतरी आहे." मी दातांतल्या दातांत म्हटलं, बाबा, काही नाही, हसा. "आहे. लेन्सवर आहे." आणि सुटला हो हात! तरातरा निघाले, चालता चालता शर्टाचं टोक ओढून बाहेर काढलं, तोंड उघडलं, "हाऽऽ" करायला... मी ओरडलो, "बाबा, कापड शेवटी!" आणि खटक्!

बाहेर टॅक्सीचा हॉर्न. दुसरा फोटो कुठला? बॅगा, मिठ्या, डोळे पुसणं, हे राहिलं, ते घे... आणि गेली पोर. सासरे दारात तसेच उभे, शर्टाचं टोक बाहेर लोंबतंय. मी विचारलं, बाबा, होतं काय हो तिथे? ते रस्त्याकडेच बघत होते.

"काही नव्हतं," ते म्हणाले. "फोटो झाला असता की ती निघाली असती."

मी आत जाऊन लेन्सला झाकण लावलं.

आता तो फोटो दिवाणखान्यात टांगलाय, मोठ्ठा करून. त्यात सगळे आहेत. सासरे पुढे, तोंड उघडं, शर्टाचं टोक हातात, मागे मेव्हणी पोट धरून हसतेय, आणि मी दोन्ही हात वर करून ठो ठो बोंबलतोय. मेव्हणीलाही पाठवलाय, ती फोनवर म्हणते, असा फोटो पैसे मोजूनही मिळाला नसता. आल्यागेल्याने विचारलं की सासरे कौतुकाने सांगतात, "जावईबापूंनी काढलाय. छान आलाय. फक्त लेन्स नीट पुसली नव्हती, म्हणून मला पुढे जावं लागलं."

मी मान डोलावतो. आधी हवा, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी... आणि जावई, तुम्हाला सांगतो, कापडाच्याही नंतर!