खंडेनवमीला उघडलेली गाडी

आमच्या शेजारच्या सोपानभाऊंच्या गाडीचं यंदा खंडेनवमीला काय झालं, ते सांगायचंच राहिलं. मित्रांबरोबर कच्च्या वाटेनं भीमाशंकरला जायचं म्हणून भाऊंनी सकाळीच मागचं चाक काढलं, चेन डिझेलमध्ये धुतली. मी भिंतीवरून बघतच होते. भाऊ चाक परत बसवायला गेले, तर पान्यांचा डबा रिकामा! त्यांनी बायकोला हाक मारली.

"सुनीता, माझे पाने कुठंयत?"

"देवापुढं. पूजा झाली त्यांची."

आता पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. भाऊ पळत भिंतीशी आले.

"वहिनी, तुमचा पाना द्या की."

"आमचे पण देवापुढंच हायेत, भाऊ. आज आख्ख्या आळीत पाना मिळायचा न्हाई."

तिकडं मित्रांचे फोनवर फोन. भाऊंनी गुपचूप स्वयंपाकघरातली सांडशी आणून नटाला लावली. तेवढ्यात सुनीता पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं सांडशी काढून घेतली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

"आगं, सांडशी हाय ती!"

"नट पिळती ना? मग हत्यारच की."

भाऊ हट्टाला पेटले आणि नुसत्या बोटांनी नट आवळायला बसले. सुनीतानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांनाही हळदकुंकू लावलं.

"ह्यांनापण आज सुट्टी. चला, पुरणपोळी गार होतीय."

"आन् खाऊ कशानं?"

"मी भरवते की."

मी लाजून पटकन भिंतीवरून खाली उतरले. पुढचं मग खिडकीतून बघावं लागलं.