अस्वल शुक्रवारी तेल खात नाही

“हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण उचलणार आता?… नाही गं, टोमणा नाही. तोंडून गेलं. बोल रालि… ऐकतेय… ऐकतेय म्हटलं ना, घेवडा निवडतेय फक्त. हाताला काम आहे, कान मोकळेच आहेत.”

दोन्कानं रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. बोटं दाणे सरकवत राहिली. चांगले इकडे, किडके तिकडे.

“खोकं? आणलंय. बिस्किटांचं, खालच्या दुकानातनं… एकच. पेंचो म्हणाला, स्पेनला जाणारी गाडी गच्च भरलीय, एका घरामागे एकच खोकं… बारापर्यंत येतो म्हणालाय. आत्ता… अकरा वाजून वीस. ढबू मिरचीच्या चटणीची एक बरणी बसेल का गं कोपऱ्यात?… बरं… बरं, नाही ठेवत. नुसत्या कॅसेटी.”

नवऱ्याला, ल्युबेनला, जाऊन चाळीस दिवस उलटले होते. शनिवारी चाळिसाव्याचे गहू शिजवून, साखर पेरून, देवळाच्या दारात वाटूनही झाले होते. या चाळीस दिवसांत दोन्कानं कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. शेजारणीनं त्याचा हिवाळी कोट मागितला, दिला. भाच्यानं मासे धरायच्या काठ्या नेल्या, नेऊ दिल्या. पहाटे प्रतिमेपुढचा दिवा लावायचा, प्रार्थना म्हणायची, बुधवार-शुक्रवारचे बिनतेलाचे उपास पाळायचे, हे सगळं बिनचूक चाललं होतं. पाण्यातून चालावं तसं. पाय पडत होते, आवाज येत नव्हता.

“हो, हो… अगं ऐक ना, एकेक सांग. सगळ्या तेहेतीस आहेत. खोक्यात अठरा बसतील. तू नंबर सांग, मी लिहिते… थांब, पेन्सिल… हं. पहिला?… ‘चंद्रावरचा न्हावी’. आहे. निळ्या पुठ्ठ्याची… दुसरा ‘कढईतले तीन हंस’. अगं, हंस न्हाव्यापेक्षा बरे होते की! शेवटी ती म्हातारी कढई पालथी घालते तेव्हा तू कशी टाळ्या… बरं. बरं बाई. तुझी यादी, तुझे नंबर.”

तिनं लिहिलं आणि मग कागदाकडे पाहत राहिली. पहिल्या नावावर तिनं लहानसा क्रूस काढला होता. पाद्रीबाबांकडे मृतांच्या नावांची यादी देताना काढतात तसा. हाताची सवय. रबर सापडेना, तेव्हा बोटानं पुसायला गेली. क्रूस आणखीच काळा झाला.

“काही नाही… काही नाही, पेन्सिल पडली. तिसरा?… ‘कागदी होडीतला उंदीर’… चौथा… तो गाणाऱ्या भोपळ्यांचा? तो मला कधी कळलाच नाही. भोपळे गातात कशाला?… असू दे, लिहिला.”

एकेक कॅसेट खोक्यात जात होती. प्रत्येकीच्या कण्यावर ल्युबेनचं अक्षर होतं. तो व्रात्साच्या रेल्वे स्टेशनावर गाड्या पुकारायचा. व्हिडिओ कॅसेटींच्या दिवसांत बाहेरून परदेशी कार्टून यायची, कुणाला भाषा कळायची नाही. शाळेतली इंग्रजीची बाई कागदावर भाषांतर लिहून द्यायची आणि ल्युबेन याच स्वयंपाकघरात मायक्रोफोन घेऊन सगळं एकट्यानं वाचायचा. राजा, राणी, बेडूक, वादळ, सगळे एकाच आवाजात. मागे मूळ परदेशी आवाज बारीक कुजबुजत राहायचे. गल्लीतल्या दुकानातून त्या कॅसेटी घरोघर भाड्यानं जायच्या, आणि व्रात्सातली पोरं एकाच माणसाच्या तोंडून सगळी जनावरं ऐकत मोठी झाली.

“अकरावा… बारावा… हं. ‘काचेची राजकन्या’ कुठे टाकू?… नको? अगदी नको?… का गं, रंग किती छान होते… राजकन्येला मिशा आहेत असं वाटायचं? वा! मग बाबांनी राजकन्येचा आवाज कुठनं आणायचा होता, उसना?… ‘प्रिय राजकुमारा, मी तुझी वाट पाहीन’… हो, अगदी तस्संच म्हणायचे. सोफियाची गाडी चाळीस मिनिटं उशिरा येत आहे, तस्सं.”

पलीकडे स्पेनमध्ये तिची लेक रालित्सा खूप हसत होती. दोन्काचेही ओठ हलले. हसू आलं असेल, असं तिला वाटलं. तिनं बोटानं ओठांची कड चाचपून पाहिली.

“हसतेय की… हसतेय गं, तुला ऐकू येत नाहीये… जेवते. जेवले सकाळी… घेवडा, पुदिना घालून… बुधवार ना आज, तेल नाही… नाही बाळा, रडले नाही. तिथंही नाही, देवळातही नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आता रडेल, मग रडेल. त्यांची पंचाईत झाली बिचाऱ्यांची… डॉक्टर कशाला त्याला? येईल तेव्हा येईल. तू नंबर सांग.”

घड्याळात बाराला दहा मिनिटं होती.

“सोळा, सतरा… झाल्या सतरा. आता एकाचीच जागा राहिली… आधी नावडते सांगतेस? सांग… राजकन्या. ती लंगड्या विमानाची. आणि सगळ्यांत शेवटचा नंबर, तेहेतिसावा…”

दोन्काचा हात घेवड्याच्या ताटावर थांबला.

“…‘अस्वलाचं बिऱ्हाड’.

“माहितेय… माहितेय गं, तुला शाळेत काय काय म्हणायचे ते. डबा उघडलास की पोरं ओरडायची… हो, आणि ती गणिताची बाईसुद्धा. ‘अस्वलिणीची मुलगी आली का?’… तू रडत घरी यायचीस. बाबांनी दुकानातनं ती परत आणायचा किती प्रयत्न केला. पण तोवर सगळ्या गावानं पाहिली होती… मी? मी काय करू? मी फक्त विचारायला आले होते. दाराशी उभी राहिले, ते कानाला ते मोठं यंत्र लावून वाचत बसलेले. म्हटलं, घेवड्यात फोडणी घालू का? तर त्यांनी नजर वर केली नाही, आवाज बदलला नाही, त्याच सुरात म्हणाले…”

ती थांबली. पलीकडे रालित्सानंच ते वाक्य पूर्ण केलं असावं, कारण दोन्कानं डोळे मिटले.

“हो. ‘दोन्का, आज शुक्रवार आहे, तेल घालू नकोस.’

“आणि पडद्यावर तेव्हा अस्वल आपल्या बायकोशी बोलत होतं, बर्फ पडत होता… नाही, पुन्हा वाचायला कोरी कॅसेट कुठे होती तेव्हा! तशीच गेली… हो ना. आजही बाजारात कुणी कुणी विचारतं, अस्वल उपास धरतं का हो? मी म्हणते, शुक्रवारी धरतं… अगं, त्यांचा कुठला विश्वास! देवळाची पायरी चढले ते माझ्या हट्टानं, लग्नाच्या दिवशी. उपासाला तर हसायचे. माझ्यासमोर बसून सॉसेज खायचे आणि म्हणायचे, तुझ्या देवाला सांग, वास फुकट आहे. पण वार कधी चुकले नाहीत. माझे वार त्यांच्या लक्षात असायचे.”

 ऐकता ऐकता ती उठली, कपाटापाशी गेली. फोनची दोरी ताणली गेली. खालच्या फळीवरून तिनं ती कॅसेट काढली. अस्वलाचं चित्र उन्हानं उडालं होतं, नुसते दोन काळे डोळे उरले होते.

“काय?… रालि, रडू नकोस. रस्त्यात आहेस का? बस कुठेतरी… काय म्हणालीस?… पहिला नंबर?… आत्ता तर तेहेतिसावा म्हणालीस… हो… हो, तोही त्यांचाच आवाज आहे, हो… अठरावी जागा त्याला… हो. ठेवते. वरच ठेवते म्हणजे आधी सापडेल… कॉपी करून परत पाठवशील? महिन्याभरात… हो, दुकानदार काळजी घेईल… हो. नाही, मला काय करायचीय इथे. हो.”

तिनं कॅसेट खोक्यात ठेवली. सगळ्यांत वर. खोकं बरोबर भरलं. कुठे फट राहिली नाही.

दार वाजलं.

“पेंचो आला, थांब. फोन ठेवू नकोस… ये रे, ये. पायपुसणं राहू दे, तसाच ये. ते बघ, टेबलावर.”

पेंचो कमरेला चिकटपट्टीचं रीळ लटकवून आत आला. चौदा वर्षं तो स्पेनमध्ये सेगोव्हियाला राहत होता आणि दर पंधरवड्याला गाडी घेऊन यायचा. त्यानं खोक्यात डोकावून पाहिलं, वरच्या अस्वलावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. ही पण?

फोनवर रालित्सा काहीतरी सांगत होती. दोन्कानं पेंचोकडे पाहिलं. तिनं न ठरवताच तिची मान हलली. वर-खाली, एकदा, दोनदा. व्रात्सात पोर बोलायच्या आधी शिकतं ती खूण. स्पेनमध्ये तिचा अर्थ हो, इथे नको.

पेंचोनंही हसून मान वर-खाली केली, चर्रकन पट्टी फाडली, खोकं बंद केलं, उचललं आणि निघाला.

“हं… हं, ऐकतेय… तुझ्या तिकडे ऊन आहे का?… छान… हं.”

जिन्यात पावलं उतरत गेली. दोन्का टेबलाच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. तिथे धुळीत खोक्याचा चौकोन उमटला होता. तिनं फोनवर दोनदा हं म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि तिला कळलं.

“रालि, थांब… थांब म्हटलं ना!”

रिसीव्हर टेबलावर आपटला. तिनं खिडकी उघडली. चाळीस दिवसांत तिनं या घरात आवाज चढवला नव्हता. त्याआधीची चाळीस वर्षंही फारसा नाही.

“पेंचो! ए पेंचो! थांब रे!… गाडी बंद कर!… अरे, ती नको म्हटलं ना मी तुला!… मान हलवली म्हणजे काय? नको म्हटलं! स्पेनमध्ये राहून तुझी मानच फिरलीय का रे मेल्या?… वर ये. खोक्यासकट ये!”

समोरच्या बाल्कनीत कुणी तरी पडदा सरकवला. तिकडे दोन्काचं लक्ष नव्हतं. पेंचो धापा टाकत वर आला, कानाची पाळी लाल झालेली. तिनं कांदे चिरायच्या सुरीनं पट्टी कापली.

“नाही, बाकीच्या राहू देत. हीच. सगळ्यांत वरची… आता फट राहिली ना खोक्यात? बरं झालं. ती बरणी घे, चटणीची. नीट उभी ठेव… जा आता. देव तुला सुखरूप नेवो. आणि इथे आलास की इथली मान वापर.”

तिनं रिसीव्हर उचलला. दुसऱ्या हातात कॅसेट होती.

“हॅलो?… आहेस?… हो, मीच ओरडत होते. सगळी गल्ली ऐकत होती… काढून घेतली… नाही. पाठवणार नाही… अगं ऐक ना. ऐक. बाकीच्यांत ते दुसऱ्यांचं बोलतात, न्हाव्याचं, उंदराचं. ते सगळं घे तू. कॉपी कर, नको करूस, तुझं आहे. ह्या एकाच कॅसेटमध्ये ते माझ्याशी बोलतात. तेवढं एकच वाक्य. पट्टी तुटली त्या दुकानात तर?… महिनाभर म्हणतेस, पण महिन्याभरात मला लागली तर? ज्या दिवशी मला रडू येईल त्या दिवशी ती घरात हवी…

“नाही, लावून पाहिली नाही अजून. मशीन आहे, पुसून ठेवलंय… नाही गं, एकटीनं नाही ऐकवत…

“रागावलीस?… मग बोलत का नाहीस?… तुझेही बाबा होते, माहितेय मला. मी कुठे नाही म्हणते… माहितेय, मातीला तीन दिवसच मिळाले तुला. तीन दिवसांत काय होतं… मग तू ये ना. उन्हाळ्यात नको, नाताळात नको. आत्ता ये. पेंचोच्या गाडीत खोक्याला जागा नसली तरी माणसाला असेल… विचार साहेबांना, सुट्टी माग… विचारशील?… आज?… शुक्रवारी आलीस तर एक दिवस थांबावं लागेल घेवड्यातल्या तेलासाठी… हसू नकोस, खरंच सांगतेय…

“बरं… बरं, मी वाट बघते… नाही, आधी तू नको ठेवूस. मीच ठेवते.”