सोळाव्या सोमवारचं टमाटं

वाशीमच्या बाजारात असा माल नाई का जो म्या नुसता हातात घेऊन वयखला नाई. टमाटं पहिल्यांदा घेतलं तवा मात्र हुंगलं, अंगठ्यानं दाबलं, चार लोकाईले सांगतलं का ही लाल पेरूची जात हाये, अन् थे माह्याच सदऱ्यावर फुटलं.

अनसिंगच्या अलीकडं आमचं गाव. बाप गाडीवान, म्या बी गाडीवान. शाळा म्या पायली थे शाळेच्या कवलाची गाडी खाली कराले गेलो तवा, अन् त्यातले बी पाच कवलं फोडले. बैल माह्यापक्षा शायने, रस्ता त्याइले पाठ, म्या वर बसून झोपत जावो. लोकं म्हणत गाडी बैल हाकते, हा नुसता ओझं हाये.

मंग लगन झालं रुकमासंग. काय सांगू तुमाले, माणूस थोडं बोलनारं, पन बोललं का खुटा ठोकल्यावानी. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी मले मुदतीचा ताप आला. म्या तापात बैलाईले हाका मारू मारू रडलो, तिचं नाव एकदा बी नाई घेतलं, हे थे मले अजून आयकवते. वैद्यानं मान हलवली. तवा रुकमा महादेवाच्या पिंडीपुढं जाऊन बोलली का हे उठले तं सोळा सोमवार करीन, दिवसभर उपाशी, लय झालं तं एखादं फय, संध्याकायी चुरम्याचा निवद, अन् एक बी मोडला तं पुन्हा पहिल्यापासून. म्या उठलो. म्हणजे देवानं आपला शब्द पायला, आता तिचा राह्यला.

पंधरा झाले बिचारीचे. सोळाव्याच्या आदल्या दिवशी म्या कापसाची गाडी घेऊन वाशीमच्या जिनात गेल्तो. येताना मनात आलं का उद्या तिचा शेवटचा, काईतरी चांगलं फय न्यावं. तं एका माळनीनं हे लाल लाल गोये मांडले होते, अन् मांडले कोठी, तं पेरूच्या ढिगाजवय. वांग्याजवय असते तं म्या हात लावला नसता. म्या म्हटलं, हे काय हाये वं बाई. टमाटं, म्हणे. उपासाले चालते का हे इचाराले पायजे होतं, पन मले वाटलं का इचारलं तं गावंढय दिसन. गावंढय तं म्या होतोच, पन दिसाचं नोतं.

सोमवारी दुपारी म्या एक उन्हात धरलं. आता कसं सांगू तुमाले, आतून उजेड दिसे, जसा कोनी त्यात दिवा ठेवला. कापलं तं आत खोल्या, खोलीखोलीत बिया, अन् एकएक बी पान्यात ठेवल्यावानी. माही माय म्हणे, हे कोन्या कारागिराचं काम असन बापा. आमी तिघंबी बराच येळ नुसतं पाहात राह्यलो, खाव असं वाटेच ना. मंग रुकमानं हात जोडले, साखर लावून खाल्लं, म्हणे, लय थंड हाये.

तेवढ्यात शेजारची काशीकाकू चुलीसाठी इस्तू मांगाले आली. फोडी पायल्या अन् दारातच थांबली. म्हणे, अवं रुकमे, हे काहून खाऊन राह्यली, हे तं माह्या भावाच्या मळ्यात लावलं हाये, पान वांग्यावानी, कांद्यासंग फोडणीले टाकते त्याची भाजी. उपासाले भाजी खाल्ली का वं तू, अन् थे बी वांग्याच्या जातीची, चंपासष्टीच्या आंधी, जवा वांग्याले कोनी हात लावत नाई.

माय म्हणे, थुक पोरी. रुकमा थुकली नाई, माह्यावर चिडली बी नाई. थे उठली अन् माह्या कपायावर हात ठेवला, ताप आला का पाहाले.

म्या उरलेलं टमाटं घेऊन महादेवाच्या गुरवाकडं पयत गेलो. म्हटलं, सांगा जी, फय का भाजी. थो म्हणे, पिकते, कच्चं खाता येते, आत बी हाये, म्हणजे फय. म्या खुश झालो. थो म्हणे, पन बी तं वांग्यात बी राह्यते, मंग भाजी. म्या म्हटलं, काकडी तं भाजीवाल्याच्याच टोपल्यात राह्यते, थे कशी चालते उपासाले. थो म्हणे, थे बी खरं. म्या म्हटलं, मंग पिंडीवर वाहून पाहा ना. थो म्हणे, आजलोक कोनी वाह्यलं नाई, मी पहिला कायले होऊ. खाऊन पायलं असतं तं सांगतलं असतं, पन माहा बी सोमवार हाये. असे आमी दोघं शायने पायरीवर टमाटं मधात ठेवून बसलो, अन् पक्कं काई झालं नाई.

घरी आलो तं रुकमाचं ठरलं होतं. येत्या सोमवारी पहिला, म्हणे. म्या म्हटलं, अवं थे फयच असन. असन, म्हणे. पन नसलं तं. तुमच्या जीवाच्या कामात मले शंका नाई ठेवाची.

अन् केले तिनं. तूर कापली, हरभरा उपटला, उपाशीपोटी, पार फागून लागेलोक. म्या म्हटलं, चूक माही, म्या बी धरतो. तं पहिल्याच सोमवारी दुपारी तिनं मले गोठ्यात धरलं, बैलाची सरकीची ढेप खाताना. अन् बैलाच्या पुढ्यात आनखी ढेप टाकली.

आता पाच-सहा वर्सं झाली या गोष्टीले. शेलूबाजारात टमाटं टोपल्यानं येते, कोनी वयून बी पाहात नाई. म्या पाहातो. वाटते, या एवढ्याश्या गोयासाठी एका बाईनं सोळा सोमवार पुन्हा काढले, अन् काढले कोनासाठी, तं या ओझ्यासाठी. परवा थे डाय निवडून राह्यली होती, म्या म्हटलं, रुकमे, बत्तीस सोमवार केले तू, असा नवरा हाये का कोनाचा या मुलखात.

तिनं सुपातून वर बी नाई पायलं. म्हणे, बत्तीसच्या बत्तीस सोमवार मी जीवच मांगत राह्यली तुमचा, अक्कल मांगाची राहून गेली.