नाकाने निवडलेली

काकू : नऊ डिस्टिलऱ्या फिरलीस म्हणतेस, तरी इतकी सरळ उभी? आमच्याकडे येणारे एकीतच भिंत धरतात.

कॅमेरावाली : मी चाखत नाही, काकू. नुसतं चित्रण करते. चाखलं असतं तर पहिल्याच ठिकाणी कॅमेरा उलटा धरला असता.

काका : चाखत नाहीस तर व्हिस्कीवर फिल्म कशाला? साबणावर कर.

कॅमेरावाली : व्हिस्कीवर नाही हो, ती गाळणाऱ्या माणसांवर. आणि सगळ्यांनी यंत्रंच दाखवली मला, आकडे दाखवले. वर म्हणाले, नाकाने गाळणारा आता एकच उरलाय, त्याच्याकडे जा.

काका : ऐकलंस ना गं? एकच.

काकू : ऐकलं. आता आठवडाभर टोपी बसायची नाही डोक्याला.

कॅमेरावाली : काका, जरा भट्टीजवळ या. बघणाऱ्यांना कळेल असं सांगा.

काका : सोपं आहे. तांब्याच्या या भांड्यात उकळतंय, वाफ नळीतून जाते, थंड होते आणि इथे बरणीत धार पडते. पहिली धार तिखट, डोळ्यांतून पाणी काढणारी. ती फेकायची. मधली ठेवायची. शेवटी पुन्हा बिघडते, ओल्या पुठ्ठ्यासारखी घाण येते. त्याआधी नळी दुसरीकडे सरकवायची. पहिली संपून मधली कधी लागली ते मगाशी पकडलंच की तुझ्यासमोर.

कॅमेरावाली : हो. पेल्याला नाक लावलंत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, 'आता!' अंगावर काटा आला माझ्या.

काकू : माझ्या कानठळ्या बसल्या. एरवी हळूच म्हणतात.

कॅमेरावाली : पेला धरून उभे असता, तेव्हा नेमकी कशाची वाट बघता, काका?

काका : वासाची, पोरी. तिखटपणा सरतो आणि पिकलेल्या सफरचंदांची पेटी उघडावी तसं होतं. ज्याला येतं त्याला येतं. मापक लावून काय, कुणीही करेल. बाटलीवर छापलंय ना, 'मालकाच्या नाकाने निवडलेली'.

काकू : नाकाचं चित्रही छापणार होते. मी म्हटलं, बाटली लहान आहे.

कॅमेरावाली : आता शेवटची धार ओळखाल तेव्हा मी फक्त चेहरा घेणार आहे. एकच अडचण. मगाशी तुमच्या 'आता'च्या आधी चाव्या वाजल्या. हेडफोनमध्ये चांगल्याच खणखणल्या.

काकू : माझ्या त्या. कंबरेला असतात.

कॅमेरावाली : काढून ठेवाल जरा?

काकू : काढून? अगं, बत्तीस वर्षं तिथेच आहेत. वजनकाट्यावरसुद्धा मी त्यांच्यासकट चढते.

काका : राहू दे की. वाजल्या तर वाजल्या.

कॅमेरावाली : फिल्मचा जीव आहे हा शॉट, काका. अगदी शांत हवं. काकू, दाराजवळच्या खिळ्याला अडकवा आणि इकडे माझ्या मागे येऊन उभ्या राहा.

काकू : अहो, मी काय म्हणते, हे उद्या घेतलं तर?

काका : उद्या भट्टी कुठे लागणार आहे? ठेव काढून. मी आहे ना.

(बराच वेळ फक्त धारेचा आवाज.)

कॅमेरावाली : छान, काका. असेच राहा.

काकू : अंहं! अंहं!

कॅमेरावाली : काकू, खोकू नका ना.

काकू : घसा खवखवतोय.

काका : थांब. येईल इतक्यात. अजून मधलीच आहे.

काकू : अहो...

कॅमेरावाली : शू!

काका : सफरचंदं... आहेत अजून.

काकू : कसली डोंबलाची सफरचंदं! पुठ्ठा झालाय त्याचा! सरका तिकडे, नळी द्या माझ्याकडे.

कॅमेरावाली : काकू! शॉट गेला!

काकू : शॉटचं काय घेऊन बसलीस, बरणी गेली. नशीब, ही एकच बिघडली. पुढच्या खेपेला परत उकळू.

कॅमेरावाली : पण तुम्ही तर इथे मागे होतात. आणि काका पेल्यात नाक घालून... काका?

काका : सर्दी झालीये जरा.

काकू : हो. दोन वर्षं झाली सर्दीला.

काका : तुला केव्हा कळलं?

काकू : दूध करपून घरभर धूर झाला आणि तुम्ही पेपरातून डोकं न काढता विचारलंत, चहा झाला का. दोन वर्षांमागच्या त्या तापात गेलेला वास परत आलाच नाही ना?

काका : नाही.

काकू : मला सांगायचं तरी.

काका : काय सांगू? वडिलांकडून एवढं एकच आलं होतं माझ्याकडे, हे नाक. वाटलं, येईल परत. रोज सकाळी उठून साबण हुंगतो.

काकू : म्हणून साबणाला मिशीचे केस असतात होय!

काका : आणि तू तरी कुठे बोललीस? नेमक्या वेळी चाव्या हलवत राहिलीस.

काकू : मग काय, मला खुळखुळ्याची हौस आहे?

काका : पहिल्या वेळी वाटलं, चावी शोधतेयस. दुसऱ्या वेळी कळलं. फार बरं वाटलं गं तेव्हा. आणि लाजही वाटली. म्हणून गप्प बसलो.

काकू : मी इथे जीव मुठीत धरून उभी असते. कुठे परगावी जायची सोय नाही. बहिणीकडे जाऊन राहिले नाही दोन वर्षांत.

काका : ती म्हणे तुला करमत नाही माझ्याशिवाय.

काकू : तिला काय सांगणार? तुमच्या नाकाला करमत नाही?

कॅमेरावाली : चुकलंच माझं. चाव्या मीच काढायला लावल्या. हे सगळं पुसून टाकते, काका. मगाशीचा शॉट आहे माझ्याकडे. त्यातला चाव्यांचा आवाज काढला की कुणाला काही कळायचं नाही.

काका : काढता येतो?

कॅमेरावाली : पाच मिनिटांचं काम.

काका : म्हणजे मी होतो तोच राहतो.

कॅमेरावाली : अगदी तोच.

काकू : काढ गं बाई, काढ. मला कुठे पडद्यावर यायचंय? केससुद्धा विंचरलेले नाहीत.

काका : मग विंचर.

काकू : म्हणजे?

काका : विंचर, चाव्या अडकव कंबरेला आणि इथे ये माझ्या शेजारी. पोरी, तू मगाशीचा प्रश्न परत विचार.

काकू : अहो, लोक हसतील. आपली बाटली कोण घेईल मग?

काका : हसू देत. लेबल बदलू.

काकू : माझ्या नाकाचं चित्र छापणार?

काका : बाटली लहान आहे.

काकू : बघितलंस ना, कसे आहेत ते? आले मी. इथे उभी राहू? चेहरा बरा दिसतोय ना?

कॅमेरावाली : मस्त दिसतोय. सुरू करते. काका, पेला धरून उभे असता, तेव्हा नेमकी कशाची वाट बघता?

काका : चाव्यांची.